चिंचेनं घासलेला लॅपटॉप

कसब्यातल्या तांबट आळीत घड्याळं नुसती शोभेला. वेळ सांगायची ती अण्णा वडक्यांची हातोडी. श्यामसुंदर हे अण्णांचं कागदावरचं नाव, आणि कागद सोडला तर ते कुठे वापरात नव्हतं. सकाळी साडेआठला पहिला ठोका, दुपारी एकला शेवटचा, तीनला पुन्हा पहिला, आणि मधल्या वेळात मिनिटाला एकशे चार ठोके. कमी नाही, जास्त नाही. आळीतली दोन पिढ्यांची पोरं त्या ठेक्यावर पाळण्यात झोपली आणि त्याच ठेक्यावर पाढे पाठ करून मोठी झाली. चार वर्षांपूर्वी अण्णांचा पाय मोडला आणि हातोडी तीन आठवडे बंद पडली, तेव्हा समोरच्या देवळातल्या पुजाऱ्यांची आरतीची चाल जी बिघडली ती अजून सुधारलेली नाही, असं म्हणतात. म्हणणारे आळीतलेच आहेत, तेव्हा शंका घेऊ नये.

तर त्या शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला अण्णांचा एक ठोका चुकला. ताबडतोब चार दारं उघडली. पाच डोकी बाहेर आली.

"काही नाही, काही नाही," अण्णा आतून ओरडले. "माशी होती."

माशी नव्हती. वल्लरी होती. अण्णांची एकुलती एक मुलगी, वय चोवीस, शिक्षण यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर रेखाटण्याचं. कारखान्याच्या उंबऱ्यात ती फोन छातीशी धरून उभी होती.

"बाबा, हडपसरच्या पंपवाल्यांचं आलं. सोमवारी सकाळी दहाला परीक्षा. घरूनच द्यायची. पास झाले तर कामही घरूनच."

"मग तोंड असं का?"

"लॅपटॉप ज्याचा त्याचा. आणि साधा चालणार नाही, ही चित्रं फार जड असतात. कॉलेजचा होता तो परत करून टाकलाय मी." ती जरा थांबली. "आणि चेन्नईवाले सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणतायत. तिथं परीक्षा नाही. मशीन देणार, राहायला जागा देणार."

"तुला काय पाहिजे?"

"मला इथलंच पाहिजे. पण हातातलं सोडून बसून नाही राहणार मी, बाबा."

अण्णांनी पुढचा ठोका घातला तो बंबाऐवजी ऐरणीवर. आळीत पुन्हा दारं वाजली.

त्या घटकेपासून अण्णांना बूड टेकवेना. नव्या लॅपटॉपची चौकशी झाली. वल्लरीला लागतो तसला नवा घ्यायचा तर अण्णांना वर्षभर जेवण सोडून हातोडी चालवावी लागली असती. म्हणजे जुनाच. आणि जुना म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नकोसा झाला म्हणून टाकलेला. तो परीक्षेच्या मध्येच डोळे मिटून बसला, तर पोरगी मंगळवारी चेन्नईच्या गाडीत. एवढा सरळ हिशेब होता, आणि तो अण्णांच्या डोक्यात मिनिटाला एकशे चार वेळा वाजत होता.

"पितृपक्ष चालू आहे," आनंदीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. या अण्णांच्या सौभाग्यवती. "नवी वस्तू घरात आणायची नाही."

"अगं, जुनीच आणायचीय."

"मग हरकत नाही. पितरांनाही जुन्याची सवय असते."

समोरच्या समयांच्या दुकानातले पोपटराव न बोलावता आले. पोपटरावांना जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळे, आणि ते कळल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक गोष्टीतला त्यांचा एक मेव्हणा फसलेला असे. "सेकंडहँड लॅपटॉप? अण्णा, माझ्या मेव्हण्यानं घेतला होता. तिसऱ्या दिवशी पोलीस दारात. चोरीचा निघाला."

"मग काय झालं?"

"काय होणार? पोलिसांनी उघडून बघितला तर चालतच नव्हता. म्हणाले, तुमच्याकडेच ठेवा."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी पायात चपला सरकवल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा सरकवल्या.

जुन्या वस्तूचं त्यांना वावडं नव्हतं. उलट जुनं तांबं हातात आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. घागरीला एक टिचकी मारली, की ती कुठे पिचली आहे, कुणी घडवली आहे आणि घडवताना त्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, एवढं ते कान लावून सांगत. एकदा एका बंद डब्याला टिचकी मारून त्यांनी सांगितलं होतं, की यात तीन वर्षं तूरडाळ होती. झाकण उघडलं तर तळाशी बरोब्बर तीन दाणे. वर्षाला एक. पण लॅपटॉपला टिचकी मारून काय कळणार, ही शंका त्यांना शुक्रवारची सगळी संध्याकाळ खात राहिली.

शनिवारी बापलेक मनपाच्या थांब्यावरून बस धरून हडपसरला गेले. वल्लरीनं फोनवर एक जाहिरात हेरली होती. विकणारा विश्वजीत नावाचा, तिशीचा, कुठल्याशा आयटी कंपनीतला. एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा. लिफ्टमध्ये अण्णांनी भिंतीला टिचकी मारून पाहिली. वल्लरीनं त्यांचा हात खाली घेतला.

लॅपटॉप होता मात्र देखणा. चंदेरी, पोह्याच्या पापडासारखा पातळ, ओरखडा नाही.

"अंकल, एकदम मिंट कंडिशन," विश्वजीत म्हणाला. "ऑफिसशिवाय कुठे नेलाच नाही. अपग्रेड करतोय म्हणून देतोय, अदरवाइज कोण देतं?"

वल्लरीनं तासभर त्याची झडती घेतली. सगळ्या कळा दाबल्या, पडदा तिरका करून बघितला, बॅटरी किती उतरते ते मोजलं, आपला प्रोग्रॅम चढवून एक पंप गरगर फिरवला. पंप लोण्यासारखा फिरला. तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं.

अण्णांनी पुढे वाकून लॅपटॉपच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली.

"काका, आवाज हवाय का?" विश्वजीत गोंधळला. "स्पीकर खाली आहेत."

"नाद बघतोय. मुका आहे हा." अण्णांनी लॅपटॉप पालथा केला. "हे जरा उघडता का? भांडं घेताना आम्ही बूड बघतो."

"नो नो, ओपन केला तर वॉरंटी जाईल ना."

"वॉरंटी आहे?"

"नाही, ती संपली मार्चमध्ये."

"मग जाईल कुठून?"

विश्वजीत वल्लरीकडे बघायला लागला. वल्लरी जमिनीकडे.

"बिल आहे का?"

"शिफ्टिंगमध्ये गेलं, अंकल."

"म्हणजे ऑफिसशिवाय नेला तो नुसता शिफ्टिंगमध्ये नेला."

"हे बघा," विश्वजीतचा आवाज थंडावला, "सहाला दुसरी पार्टी येतेय. तुमचं काय ते ठरवा."

अण्णा उठले, बसले, खिडकीशी गेले, एकोणीस मजले खाली बघून परत आले. आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

बसमध्ये वल्लरी खिडकीकडे तोंड करून बसली. मगरपट्टा गेला. फातिमानगरला बस सिग्नलला थांबली, तेव्हा म्हणाली, "तो चांगला होता, बाबा."

"असेल. आतलं दाखवेना ना पण."

"आत बघून तुम्हाला काय कळणार होतं? खरं सांगा."

त्यांनी पुढच्या सीटच्या दांड्यावर बोटं वाजवायला सुरुवात केली.

"तुम्ही प्रत्येकात खोट काढणार. उद्याचा एक दिवस आहे. मग मी चेन्नईला जाणार, आणि तुम्ही आईला सांगणार की चांगला मिळालाच नाही. टिचक्या मारून कुणी लॅपटॉप घेतं का? तो माणूस मनात किती हसला असेल!"

बोटं थांबली. तो दांडाही मुकाच होता.

साडेसहाला विश्वजीतचा निरोप आला, की लॅपटॉप गेला. आता त्या चकचकीत यंत्राच्या पोटात काय होतं हे कधीच कळणार नाही. ते उत्तम निघालं असतं, असं वल्लरीचं मत आजही आहे, आणि वर्षातून दोनदा ती ते बोलूनही दाखवते.

रविवारी सकाळी अण्णांना आळीच्या मागच्या अंगाला, फडके हौदाकडे जाताना लागणारं नियाजचं दुकान आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते रोज दिसायचं. 'जुने कॉम्प्युटर घेणे, देणे, दुरुस्त करणे' अशी पाटी आठ वर्षं डोळ्यांसमोर होती. पण नियाज हा तालिबभाई कल्हईवाल्यांचा मुलगा. अण्णांच्या भांड्यांना तालिबभाई कल्हई करत, तेव्हा हाच पठ्ठ्या भाता ओढायला बसायचा आणि झोप लागली की भात्यावरच पडायचा. ज्याचं नाक आपण धोतराच्या सोग्यानं पुसलं, त्याच्याकडून यंत्र कसं घ्यायचं, अशी अण्णांची अडचण होती. रविवारी सकाळी ती अडचण उरली नाही.

"या अण्णा," नियाज म्हणाला. "आठ वर्षांत पहिल्यांदा पायरी चढलात. बस गं वल्लरी."

त्यानं फळीवरून एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला. विश्वजीतचा जर पोह्याचा पापड, तर हा पाटा. अण्णांनी तो तळहातावर तोलला. "पावणेतीन किलोला दहा ग्रॅम कमी."

"आधी याचं वाईट सांगतो," नियाज म्हणाला. "बॅटरी दीड तास जाईल, वायर लावूनच काम करायचं. झाकणाची बिजागरी सैल आहे, रात्री कुत्रा भुंकला तरी मिटतं. दिसायला असा आहे, की चोरही परत आणून देईल."

"आणि चांगलं?" वल्लरीनं विचारलं.

"एका कंपनीनं असे चाळीस एकदम काढले, त्यातला हा. चार वर्षं एका टेबलावर बसून काढलीत यानं, प्रवास माहीत नाही. कंपनीचा कागद आहे माझ्याकडे. डिस्क मी नवी घातलीय. तुझ्या त्या जड चित्रांसाठीच हे बनवतात. तेवढ्याच कामाचा नवा पातळवाला घेतलास तर अण्णांना कारखाना विकावा लागेल."

"आतून दाखवशील?" अण्णांनी विचारलं. वल्लरीनं डोळे मिटून घेतले.

"दाखवतो की. न दाखवता दिलं तर अब्बा कबरीतून उठून येतील."

त्यानं पाच-सात स्क्रू सोडले, पाठ उचलली, आणि अण्णा एक पाऊल पुढे झाले.

आत तांबं होतं.

खरंखुरं, अस्सल तांबं. हिरव्या पाटीवर एक चपटी नळी वळण घेत गेली होती. एका टोकाला चौकोनी पत्रा, दुसऱ्या टोकाला केसाएवढ्या पातळ पात्यांची जुडी आणि तिला लागून एक पंखा. इतकी वर्षं अण्णांना वाटत आलं होतं, की पोरीनं आपला धंदा सोडून भलतीकडे तोंड केलं. आणि इथे तिच्या यंत्राच्या काळजावर तांब्याचं झाकण!

"हे कशाला?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"मेंदू तापतो ना याचा. ती उष्णता ही नळी उचलते, त्या पात्यांकडे नेते, पंखा बाहेर फेकतो. तांब्याशिवाय कोण नेणार एवढ्या चटकन?"

"कुणीच नाही," अण्णा म्हणाले, जणू ती व्यवस्था त्यांनीच लावून दिली होती. त्यांनी चष्मा काढला, नाक नळीला लागेल इतके वाकले आणि तांबं वाचायला लागले. रंग तपकिरी, कोरडा, सरळ वय झाल्याचा. कोपऱ्यात, सांध्यात, पात्यांच्या मुळाशी कुठेच हिरवा कळंक नव्हता.

"याच्या पोटात कधी पाणी गेलेलं नाही," ते म्हणाले. "चहा नाही, पाऊस नाही. गेलं असतं तर तांब्यानं सांगितलं असतं. घेऊन टाक, वल्लरी."

वल्लरीनं तरीही तासभर कळा दाबल्या. पंप फिरला. लोण्यासारखा नाही, पण फिरला. अकराला तो काळा पाटा घरात आला. आनंदीबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "यावर पुरण वाटायचं का?"

गोष्ट इथे संपली असती, तर अण्णा दुपारी झोपले असते. पण अण्णांना झोप येईना.

झालं असं, की तांबटांच्या घरात एक रीत असते. दुसऱ्याच्या घरचं तांबं आपल्या उंबऱ्याच्या आत आलं, की आधी चिंच आणि मीठ लावून घासायचं. कुणाच्या हाताचं, कुणाच्या चुलीचं, कुणाच्या भांडणाचं काय काय त्यावर बसलेलं असतं, ते सगळं उतरवायचं आणि मगच वापरायचं. अण्णांच्या आजोबांनी एकदा न घासलेल्या हंड्यातलं पाणी प्यायलं, तर त्यांना महिनाभर शेजाऱ्याच्या सुनेचा राग येत होता म्हणे. आणि आता पोरीच्या आयुष्याची परीक्षा असलेल्या यंत्राच्या ऐन काळजावर कुणा अनोळखी कारकुनाची चार वर्षांची काजळी चढलेलं तांबं. ते डोळ्यांसमोरून हलेना. अण्णा या कुशीवरून त्या कुशीवर झाले. उठले. पाणी प्यायले. वल्लरी मैत्रिणीकडून तिचा प्रोग्रॅम आणायला गेली होती. आनंदीबाई घोरत होत्या.

अण्णांनी चिंच भिजत घातली.

वेडे नव्हते ते. यंत्राला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नियाजसारखेच स्क्रू सोडले, मग तांब्याच्या पत्र्याचे चार, मग पंख्याचे, आणि नळी, पत्रा, पाती सगळं अखंड उचलून बाहेर घेतलं. पत्र्याच्या खालच्या अंगाला राखाडी, चिकट असं काहीतरी फासलेलं होतं. "कोण हे गलिच्छ लोक," असं म्हणत त्यांनी ते नखानं खरवडून काढलं. तसलंच मेंदूवरही होतं. तेही कापडानं निपटून काढलं. मग चिंच, मीठ, राख. मग कोरडं फडकं, मग ऊन. अर्ध्या तासात ते तांबं असं झळकलं, की छपरावरचं कबुतर त्यात आपलं तोंड बघून दचकून उडालं. अण्णांनी सगळं जागच्या जागी बसवलं, एकही स्क्रू उरला नाही, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी सहाला वल्लरीची हाक आली. "बाबा, हे बंद पडलं."

चालू केला. चार मिनिटं चालला, पंखा भुतासारखा ओरडला, पडदा काळा. पुन्हा चालू केला. तीन मिनिटं. पुन्हा काळा.

"सकाळी तासभर चालला होता की दुकानात!" तिचा आवाज चिरकला. "असं कसं होईल?"

अण्णा दारात उभे होते. त्यांना पळून जावंसं वाटलं. पळून जायला आळी फार लहान होती.

"मी घासला," ते म्हणाले.

"काय घासला?"

"तांबं. आतलं. चिंचेनं."

स्वयंपाकघरात आनंदीबाईंनी गॅस बंद केला. वल्लरीनं फोन उचलून नियाजला लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे बराच गोंगाट होता. नियाज बहिणीकडे, मांजरीला होता; तिच्या, म्हणजे सुरय्याच्या, बाळाचा अकीका होता, जावळ काढायचा कार्यक्रम.

"अण्णा," सगळं ऐकून नियाज सावकाश म्हणाला, "पत्र्याच्या खाली एक राखाडी लेप होता. तो आहे ना?"

"तो मळ? काढला."

फोनमध्ये बिर्याणीच्या डेगीचं झाकण पडल्याचा आवाज आला. की नियाज खाली बसला, कोण जाणे.

"अण्णा, तो मळ नव्हता. मेंदू आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राहते. ती त्या लेपानं भरतात. फट राहिली की उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे बूड टेकलं नाही," अण्णा पुटपुटले. "चुलीवर भांडं ठेवलं, पण बूड टेकलं नाही."

"तेच. तुम्ही मला विचारायचं तरी!"

"त्या लेपाची ट्यूब कुठे मिळेल?" वल्लरीनं विचारलं.

"रविवार संध्याकाळ, सगळं बंद. उद्या सकाळी..."

"उद्या दहाला परीक्षा आहे, नियाजदादा. आणि फोनवर मागवली तर मंगळवारी येईल म्हणतात."

पुण्यात दहाच्या आत दुकान उघडणं म्हणजे गिऱ्हाइकाला डोक्यावर बसवणं, हे तिघांनाही माहीत होतं.

"एक ट्यूब माझ्या पिशवीत आहे, इथेच," नियाज म्हणाला. "बहिणीकडे आलं की लोक पाण्याआधी बिघडलेला कॉम्प्युटर पुढे करतात, म्हणून घेऊनच येतो. पण मला उद्या दुपारपर्यंत निघता येणार नाही."

"मी येतो," अण्णा म्हणाले. "पहाटेच्या पहिल्या बसनं."

वल्लरीनं फोन ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. तेच वाईट होतं. "चेन्नईला लोकांना असं काही करावं लागत नाही," एवढं म्हणून ती माळ्यावर गेली.

सोमवारी अण्णा मांजरीला उतरले तेव्हा उसाच्या शेतांवर धुकं होतं आणि त्या धुक्यातून नवे बारा-बारा मजले अर्धेच वर आले होते. नियाज रस्त्यावरच उभा होता. एका हातात ट्यूब, दुसऱ्या हातात डबा. "शीरखुर्मा आहे. घ्या, नाही म्हटलंत तर सुरय्या मला आत घेणार नाही. आणि अण्णा, लेप तांदळाच्या दाण्याएवढाच. पोळीवर तूप घालतात तसा नाही."

परतीची बस मुंढव्याच्या पुलाशी अडकली. अण्णा सीटवरून उठून दारात उभे राहिले, जणू त्यामुळे बस लवकर पोचणार होती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बसा की. गाडी तुमच्या पायांवर चालत नाही." अण्णा बसले, आणि पुढच्या थांब्याला पुन्हा उभे राहिले.

आठ वाजून पन्नास मिनिटांनी ते घरात शिरले. वल्लरीनं सगळं उघडून, तांबं बाहेर काढून ठेवलं होतं. तिनं ट्यूबसाठी हात पुढे केला. अण्णांनी ट्यूब दिली, पण तांब्याचा चौकोनी पत्रा उचलून खिडकीच्या काचेवर टेकवला आणि उजेडाकडे धरला.

"बाबा, नको. आता हात लावू नका."

"हे बघ," ते म्हणाले.

पत्रा आणि काच यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ येत होती. एका अंगाला पत्रा अर्ध्या केसाएवढा वाकला होता.

"हे मी केलेलं नाही. पूर्वी कुणीतरी स्क्रू पिळून आवळलेत, तेव्हाचं आहे. लेप त्यावर पांघरूण घालत होता. दहा मिनिटं दे. यंत्रातलं मला काही कळत नाही, वल्लरी. चूक झाली ती तिथेच झाली. पण तांब्याचं बूड सपाट करण्यात मी आजवर चुकलेलो नाही."

घड्याळात नऊला पाच कमी होते. वल्लरीनं त्या रेघेकडे बघितलं, मग बापाकडे. दोन दिवस सतत हलणारे ते हात तांबं धरलेलं असताना काडीइतकेही हलत नव्हते.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "अकरावं नाही."

अण्णांनी लाकडी हातोडीनं, कानात सांगावं तशा सात टिचक्या मारल्या. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून पत्रा गोल गोल फिरवला. पुन्हा उजेडाकडे धरला. रेघ गेली होती. वल्लरीनं तांदळाच्या दाण्याएवढा लेप घातला, पत्रा बसवला, चारही स्क्रू एकेक वळसा देत सारखे आवळले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अण्णांनी ते मनात टिपून ठेवलं. नऊ पंचवीसला लॅपटॉप चालू झाला. नऊ तीसला चालूच होता. नऊ पन्नासलाही.

"बाबा," ती म्हणाली, "दीड तास कॅमेरा आणि माईक चालू राहणार. घरात आवाज नको."

अण्णांनी मान डोलावली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सोमवार, दहाचा सुमार, आणि हातोडी बंद. साडेआठलाही वाजली नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी आळी जमली. सगळ्यात पुढे पोपटराव, हातात ग्लुकोजचं पाणी. मागे पुजारी, सोवळ्यातच. "गेले का?" कुणीतरी खालच्या आवाजात विचारलं. अण्णा ओठांवर बोट ठेवून उंबऱ्यात उभे होते.

"जिवंत आहात तर हातोडी का नाही?" पोपटराव कुजबुजले.

"पोरीची परीक्षा आहे."

"लॅपटॉप चालतोय?"

अण्णांनी आतल्या बाजूला कान केला. ते पंख्याचा आवाज ऐकत होते. म्हणजे, तो येत नव्हता, ते ऐकत होते. आयुष्यात त्यांनी एवढा वेळ रिकाम्या हातांनी काढला नव्हता. हात आपोआप हवेत ठेका धरत, आनंदीबाई ते धरून खाली करत. शेवटी त्यांनी शेंगांची टोपली अण्णांच्या पुढ्यात सरकवली. अण्णांनी आवाज न करता दोन किलो शेंगा सोलल्या. आळी उभीच होती. रिक्षावाला आला, तो इंजिन बंद करून ढकलत गेला. असं म्हणतात, की त्या दीड तासात आळीतल्या कुकरनंही शिट्टी गिळली.

अकरा पस्तीसला वल्लरी बाहेर आली. समोर चाळीस माणसं बघून दचकली.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"पूर्ण झालं. पंखा एकदाही ओरडला नाही." मग हळूच म्हणाली, "गार आहे अजून. हात लावून बघा."

अण्णांनी आत जाऊन त्या काळ्या पाट्यावर तळहात ठेवला. ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

फोन दुपारी चारला आला. वल्लरीला घेतलं होतं. चेन्नईला तिनं पाच मिनिटांत नाही कळवलं, कारण सहावं मिनिट लागलं असतं तर अण्णा कुठेतरी चालत निघाले असते. पंपवाल्यांची एकच अट होती. रोज अकरा ते बारा सगळ्यांची एकत्र बैठक, आणि तेव्हा घरात शांतता हवी.

तेव्हापासून आळीत रोज अकराला हातोडी थांबते आणि बाराला पुन्हा सुरू होते. सुरुवातीला लोक बाहेर येत. आता येत नाहीत. बायका अकराच्या शांततेला कुकर लावतात आणि बाराच्या पहिल्या ठोक्याला उतरवतात. अण्णा त्या तासात नियाजच्या दुकानात जाऊन बसतात. नियाज आता दुरुस्तीला आलेले लॅपटॉप अण्णांसमोर उघडतो, आणि अण्णा आतल्या तांब्याकडे बघून सांगतात, हा पाणी प्यालाय, हा धडपडलाय, हा चांगला आहे, घेऊन टाक.

चिंच मात्र नियाजनं दुकानात येऊ दिलेली नाही. पायरीवर अण्णांचे खिसे तपासल्याशिवाय तो त्यांना आत घेत नाही.